चहातली खळ

४ मार्च

वहिनी,

आशीर्वाद, खुशाली हे सगळं शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी भांडण.

काल वृद्धाश्रमात जाऊन आईला भेटून आले. तुझी सुटी होती म्हणे. बरं झालं. समोर असतीस तर उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलते तशी बोलले असते, आणि तिथल्या सगळ्या म्हाताऱ्या उठून बसल्या असत्या. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. तू "हो वन्सं, हो वन्सं" करतेस आणि "औषधांची ट्रॉली आली" म्हणून ठेवून देतेस. पत्रातून कुठे पळशील? आता तुझा फोन आला तरी मी उचलणार नाही, सांगून ठेवते. काय ते लिहून कळव. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायाचं, पण तुला वाचता येईल.

आईचे गाल बसलेत. मनगट हातात घेतलं तर नुसती कापडाची पट्टी. मी विचारलं, सून लक्ष देते ना गं? तर म्हणाली, "कुठली सून? दारातून ढुंकूनसुद्धा बघत नाही. मी जगले का मेले, तिला पत्ता नाही."

वहिनी, तू त्याच हॉलमध्ये दिवसभर असतेस! शिकलेली नर्स, नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदलेली. लोकांच्या सासवांच्या कुशी बदलतेस, त्यांचं हगणं-मुतणं काढतेस, आणि स्वतःच्या सासूच्या पलंगाकडे जायला तुझे पाय दुखतात?

पुढचं ऐक. आईनं मला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "इथे चहात खळ घालतात." मला आधी हसू आलं. मग शेजारचा कप बघितला. खळच! चमचा उभा राहत होता त्यात. अगं, माझं अख्खं आयुष्य कापडात गेलं, मला खळ ओळखू येत नाही? कॉलर ताठ राहायला घालतात ती खळ म्हातारीच्या पोटात? आणि तू बघत बसतेस?

माझं ठरलंय. दुकानामागची खोली रिकामी करते, तागे माळ्यावर टाकते आणि आईला घेऊन येते. माझा भाऊ असता तर तिला तिथे ठेवू दिली नसती त्यानं. तो गेला आणि वर्ष फिरायच्या आत तू तिचं बोचकं बांधलंस. लोक विचारतात, आई कुठे असते? मी खाली मान घालून मशीन चालवत बसते.

उत्तर लिही. जागा संपली, आशीर्वाद राहिला.

तुझी नणंद


८ मार्च

वन्संना नमस्कार.

पत्र डबा खाताना उघडलं आणि डबा तसाच बंद केला. रागावले नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं, फक्त अक्षर जरा बरं आलं असतं.

आधी चहाचं. ती खळ नाही.

पण दिसते तशीच, हे खरं. आईंचा घसा आता पूर्वीसारखा चालत नाही. आपण गिळतो तेव्हा श्वासाच्या नळीवरचं झाकण आपोआप बंद होतं. आईंचं झाकण उशिरा बंद होतं. पाणी, चहा असलं पातळ काही धावत जातं आणि पोटाऐवजी छातीत उतरतं. म्हणून पावडर घालून घट्ट करायचं, म्हणजे ते सावकाश उतरतं आणि झाकणाला वेळ मिळतो. गेल्या वेळी त्यांना न्यूमोनिया झाला होता तो यानेच. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की परत एकदा छातीत गेलं तर यांच्याच्याने सोसवणार नाही. म्हणून वन्सं, हात जोडून सांगते, तुम्ही याल तेव्हा त्यांना पातळ काही देऊ नका. पाण्याचा घोटही नाही. त्या मागतील, रडतील, तुम्हाला शपथ घालतील. तरी नाही.

तुम्ही त्यांना घरी न्यायचं म्हणता. त्यांना रात्रंदिवस कुणीतरी लागतं. हे गेल्यावर मी कामावर आणि त्या घरात एकट्या. एकदा गॅस उघडा ठेवून झोपल्या. एकदा पेटीकोटवर रस्त्यात उभ्या होत्या आणि रिक्षावाल्याला आपल्या माहेरचा पत्ता सांगत होत्या. म्हणून बोचकं बांधलं. हौस नव्हती.

तुम्ही कामाचं विचारत नाही, पण सांगते. हॉलभर माणसं, आणि पाळीला रजिस्टर्ड नर्स मी एकटी. मदतीला दोन मावश्या आणि एक मामा. सकाळी आल्या आल्या मास्तरीणबाई हजेरी घेतात. आईंच्या शेजारचा पलंग त्यांचा, चाळीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. मी "हजर" म्हटल्याशिवाय गोळी घेत नाहीत. मग साखर तपासायची, पाठी बघायच्या, कुणाच्या टाचेला लाली आली का बघायचं. लाली आज दिसली नाही तर चार दिवसांनी तिथे भोक पडतं. घरी आले तरी डोळ्यांसमोर टाचा असतात. अर्ध्या झोपेत उठून बसते, आठवत बसते की त्या खिडकीजवळच्या आजोबांची कूस बदलली की नाही.

आणि एक. आपलाच नातेवाईक पेशंट म्हणून सांभाळायचा नाही असा इथला नियम आहे. आई दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाहीत, म्हणून मोठ्या बाईंनी माझ्यापुरता डोळा झाकलाय. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरच्या. कुणी आवाज केला की त्यांना डोळा उघडावा लागेल. म्हणून माझ्यावरचा राग माझ्यावरच काढा, तिथे काही बोलू नका.

आईंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका. मी रोज त्यांच्याजवळ असते. याहून जास्त लिहीत नाही.

तुमची वहिनी


११ मार्च

वहिनी,

काल परत गेले होते आईकडे. तुला मुद्दामच कळवलं नाही. तुझं पाकीट शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं नेमकं मी कुलूप लावत असताना आणून दिलं. उभ्या उभ्या उघडलं, "ती खळ नाही" एवढं वाचलं आणि डोकं सटकलं. म्हटलं, घ्या, आता मला कापड शिकवा! बाकीचं पिशवीत कोंबलं. ते अजून तिथेच आहे. लग्नसराईचं शिवण पडलंय, वाचीन सवडीनं. चार पानं कुणी लिहितं का?

मी थर्मासमधून चहा नेला होता. आपला, साधा, आलं घातलेला. तू कुठेतरी आत होतीस, मावशी म्हणाली कुणीतरी न्हाणीघरात पडलंय. म्हटलं, उत्तम. आईला बशीत ओतून दिला. वहिनी, तिचा चेहरा बघायला हवा होतास! दोन्ही हातांनी बशी धरली. डोळे मिटून प्यायली. म्हणाली, "किती दिवसांनी गं." मला भरून आलं. मी रडणाऱ्यातली नाही, तुला माहितेय, माझा नवरा गेला तेव्हासुद्धा मी आधी दुधवाल्याला निरोप पाठवला होता. पण काल डोळे पुसले. जरा ठसका लागला तिला, लागतो कुणालाही. पाठ चोळली. राहिलेला पण प्यायली.

निघताना तुमच्या मोठ्या बाई दारात भेटल्या. सोडते की काय! म्हटलं, माझी आई इथे, तिची सून इथली नर्स, आणि म्हातारी म्हणते सून फिरकत नाही, हे काय गौडबंगाल आहे? बाईंनी चष्मा काढला, परत घातला. "बघते" म्हणाल्या. बघू देत.

खोलीला रंग देतेय. महिनाअखेर तिला आणते.

नणंद


१३ मार्च

वन्सं,

माझ्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. किती वेळा फोन लावला. तुमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याला निरोप सांगितला, तो म्हणाला दुकान बंद, मावशी माल आणायला गेल्यात. म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. मिळेल तसं वाचा. सगळं वाचा.

आईंना ताप आहे. सोमवारी सकाळी श्वास घेताना छातीत बुडबुड आवाज येत होता, उकळत्या भांड्यासारखा. ओठ निळसर. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावलाय, शिरेतून औषध चालू आहे. आजाऱ्यांच्या खोलीत हलवलंय. छातीत पातळ काहीतरी गेलंय असं ते म्हणतात. काय गेलं, किती गेलं, कुणालाच माहीत नाही.

माझ्या पाळीत झालंय. रविवारी दुपारी मास्तरीणबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांच्या कपाळाला खोक पडली होती, मी त्यांच्यापाशी होते. परत आले तर आई झोपलेल्या होत्या, गालावर ओघळ. मी पुसला. मला वाटलं लाळ आहे. मी वास घेऊन बघायला हवा होता. रोज बघते, त्या दिवशी बघितला नाही.

मोठ्या बाईंनी मला त्या हॉलमधून काढलंय. आता वरच्या मजल्यावर आहे, संध्याकाळची पाळी. चौकशी होईपर्यंत आईंच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तुम्ही त्यांच्याशी काय बोललात ते त्यांनी मला सांगितलं. निष्काळजीपणा ठरला तर कौन्सिलला कळवावं लागेल म्हणाल्या. माझी नोंदणी गेली तर मला दुसरं काही येत नाही, वन्सं. पण ते नंतर. मला आत्ता एवढंच कळायला हवं: रविवारी तुम्ही त्यांना काही पाजलंत का? खरं सांगा. रागावणार नाही. डॉक्टरांना कळलं तर औषध ठरवायला बरं.

जिन्यातून त्यांच्या खोलीचं दार दिसतं. पाळीवर येताना आणि जाताना बघते. दार बंद असतं.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

मीच पाजला. अख्खी बशी, वर अर्धी.

तुझं पहिलं पत्र आत्ता पिशवीतून काढलं. सगळं वाचलं. परत वाचलं.

फोन करायला तोंड नाही, ही चिठ्ठी कुरिअरवाल्याच्या हाती देऊन निघतेय. दुकानाला कुलूप. ती आहे ना?


१९ मार्च

वन्सं,

तुम्ही दिवसभर आईंपाशी आणि मी संध्याकाळी कामावर, एका घरात राहून आपली गाठ पडत नाही. तुम्ही येता तेव्हा मी गेलेली, मी येते तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. झोपलेल्या नसता, मला कळतं. माणूस झोपलंय की झोपेचं सोंग घेतंय हे बघायचाच मी पगार घेते. पण तुम्हाला बोलायचं नसेल तर नको. मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवत जाऊ.

तुम्ही मोठ्या बाईंपुढे काय बोललात ते मामांनी मला साभिनय करून दाखवलं. "चोर इथे उभा आहे आणि तुम्ही घरच्या माणसाला कोंडता? चहा मी पाजला, थर्मास माझा, अक्कल माझी गेली होती. लिहून घ्या, अंगठा नाही, सही करता येते मला." मामा म्हणाले, बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. चौकशी अजून संपलेली नाही. पाहुणी बाई थर्मास घेऊन आत आली आणि नर्सला कळलं कसं नाही, हा प्रश्न उरतोच, आणि तो बरोबर आहे.

आता कामाचं. ताप उतरला हे देवाचे उपकार. पण डॉक्टर म्हणतात त्या काहीच खात नाहीत. मावशीच्या हातून नाही, नव्या नर्सच्या हातून नाही. शुक्रवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालतील. वन्सं, नळी घातलेली माणसं मी बघितलीत. आई ती ओढून काढणार. मग त्यांचे हात मोज्यात बांधतील. ते हात बांधलेले मला बघवणार नाहीत. दोन्ही हातांनी बशी धरतात असं तुम्हीच लिहिलं होतंत.

म्हणून तुम्ही भरवा. डॉक्टरांना विचारलंय, चालेल म्हणाले. पाठ सरळ, उशी कमरेशी. चमचा समोरून नाही, जरा खालून न्यायचा, म्हणजे हनुवटी खाली राहते. अर्धाच चमचा. गिळल्या की गळ्याचा मणी वर जातो, तो बघायचा. तो एकदा गेला तरी पुढचा घास द्यायचा नाही. त्या दुसऱ्यांदा गिळतात. त्याला वेळ लागतो. त्या वेळात काही बोलायचं नाही, "गिळा" म्हणायचं नाही, तोंड पुसायचं नाही. नुसतं थांबायचं.

आणि एक सांगायचं राहिलंय. ते आता सांगते, कारण त्याशिवाय तुम्हाला जमणार नाही.

आई मला ओळखत नाहीत. वर्ष होऊन गेलं. त्यांच्या लेखी मी सिस्टर. सिस्टर चांगली आहे, हात हलका आहे. सुनेची तक्रार त्या रोज करतात, ती माझ्याकडेच. "सिस्टरबाई, तुम्हाला सांगते, माझी सून इतकी शिकलेली, पण पायरी चढत नाही." मी म्हणते, हो का, आ करा. एकदा म्हणाल्या, "तुम्ही माझ्या सून असतात तर किती बरं झालं असतं." त्या दिवशी पूर्ण वाटी संपवली. सुरुवातीला मी सांगून बघायची की अहो, मीच ती. मग त्या घाबरायच्या, तोंड मिटून घ्यायच्या, दिवसभर खायच्या नाहीत. म्हणून सांगणं सोडलं. तुम्हाला लिहिलं नाही, कारण... मला वाटलं, तुम्ही हसाल. किंवा रडाल. दोन्ही नको होतं.

वाटीत मऊ भात आहे, चाळणीतून काढलाय. घेऊन जा.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

नाही जमलं.

सकाळी पाठ सरळ केली, उशी लावली, चमचा खालून नेला. आई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आई, मी गं, तुझी लेक. तर ओठ घट्ट. मी म्हटलं, अगं खा, नाहीतर नळी घालतील. आणखी घट्ट. मी म्हटलं, लहानपणी मला चिमटे काढून भरवायचीस, आता मी काढू का? तेव्हा तिनं तोंड फिरवलं आणि दाराकडे बघून म्हणाली, "सिस्टर कुठे गेल्या?" दुपारी परत तेच. एक घास गेला, मी लगेच दुसरा पुढे केला, तिला ठसका लागला. नवी नर्स धावत आली. पोरगी चांगली आहे, पण माझ्याकडे असं बघितलं जसं मी परत थर्मास आणलाय.

तू लिहिलंस नुसतं थांबायचं. मला नाही थांबता येत. आयुष्यात थांबले नाही कशासाठी. थांबले असते तर दोन लेकरं आणि दुकान एकटीनं ओढलं असतं का? भात सांडला तर मी उभी राहते, दार वाजलं तर मी उभी राहते. डॉक्टर उद्या परवाचं बोलतात. मी तिच्या हातांकडे बघत बसते.

आणि ते सुनेचं. मी वाचलं. मी हसले नाही आणि रडले नाही, एवढं लिहिते.

तुझ्या बरणीत मीठ संपत आलंय. आणून ठेवलंय.

नणंद


२१ मार्च, सकाळी

वन्सं,

तुम्ही झोपल्या आहात, या वेळी खऱ्या. म्हणून उठवत नाही.

एक विचारते. झिरझिरीत कापड मशीनखाली घालता तेव्हा तुम्ही ते ओढता का? हे मला सांगायचे, माझी बहीण जाड कापडाला शिव्या घालते, पण जॉर्जेट आलं की श्वाससुद्धा हळू घेते. म्हणजे थांबता येतं तुम्हाला. तुम्ही ते माणसांवर खर्च करत नाही एवढंच.

लेक म्हणून जाऊ नका. त्यांच्या लेकीला त्या घाबरत नाहीत, पण लेक म्हटलं की त्यांना काहीतरी आठवावं लागतं, आणि आठवत नाही म्हणून त्या तोंड मिटतात. त्यांना आठवायला लावू नका. कोणीच होऊ नका. माझा निळा एप्रन दाराच्या खिळ्याला आहे, तो घाला. केस मागे बांधा. जाताना मास्तरीणबाईंना "हजर" म्हणा, नाहीतर त्या अख्खा हॉल डोक्यावर घेतील.

आणि आई जे बोलतील ते बोलू द्या. कुणाबद्दलही.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

उशीर झाला लिहायला. काल सुईत दोरासुद्धा ओवता आला नसता.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर नळी घेऊनच आले होते. ट्रेमध्ये ठेवलेली, प्लास्टिकच्या पिशवीत. मी म्हटलं, जेवणाची वेळ होऊ द्या, मग काय ते करा. ते घड्याळ बघायला लागले. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही बाहेर जाऊन बघा ते. गेले बिचारे.

तुझा एप्रन मला दंडात होत नाही. रात्रीच बाह्या उसवून ठेवल्या होत्या, आता रागवू नकोस. मास्तरीणबाईंना हजर म्हटलं. "उशीर झाला, बाकावर उभ्या राहा" म्हणाल्या. दोन मिनिटं भिंतीशी उभी राहिले, काय करणार.

मग आईसमोर बसले. काही बोलले नाही. चमचा खालून नेला. आई बघत होती. एप्रनकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाली, "तुम्ही नवीन का?"

मी म्हटलं, हो.

तोंड उघडलं तिनं.

मणी वर गेला. मी थांबले. वहिनी, ते किती लांब असतं गं! बाहेर ट्रॉली गेली, कुणीतरी खोकलं, माझ्या पोटरीला गोळा आला, आणि आई तशीच, डोळे मिटून. मला वाटलं अडकलं. ओरडणार होते तुमच्या त्या नव्या नर्सला. तेवढ्यात मणी परत गेला. तेव्हा मला कळलं तू रोज काय करतेस. इतकी वर्षं मला वाटायचं, नर्स म्हणजे धावपळ.

तिसऱ्या-चौथ्या घासाला बोलायला लागली. म्हणाली, "सिस्टरबाई, तुमच्या हाताला घाई नाही. मला एक लेक आहे. शिवणकाम करते. मनानं वाईट नाही, पण तिला धीर नाही. मी तोंड उघडायच्या आत तिचं बोलून झालेलं असतं. लहानपणी दुधाचं भांडं चुलीवर असलं की ही पोर तिथेच नाचायची, उतू जाईपर्यंत." मी म्हटलं, असतात बाई अशा लेकी. आ करा. तर म्हणाली, "येत नाही ती. दुकान आहे ना तिचं." आणि आ केलं.

पाऊण वाटी गेली. डॉक्टरांनी नळी परत नेली. संध्याकाळीही खाल्लं, आज सकाळीही. चहा घेतला, खळवाला. तोंड वाकडं करून म्हणाली, "इथे चहात खळ घालतात." मी म्हटलं, हो, मीच घालते.

तुमच्या मोठ्या बाईंनी बोलावलं होतं. कौन्सिलला काही कळवणार नाहीत. मास्तरीणबाई पडल्या होत्या, तू जिथे असायला हवी तिथेच होतीस, असं मावशी आणि मामा दोघांनी सांगितलं. पण त्या हॉलमध्ये तुला परत घेणार नाहीत, तू वरच राहायचं. मी भांडले. त्या म्हणाल्या, नियम आता सगळ्यांना माहीत झालाय, तुम्हीच केलात ना माहीत? नव्या पोरीला मी भरवायला शिकवतेय. तिचा हात बरा आहे, पण तिलाही घाई. तिला ओरडले, थांब जरा! मग माझं मलाच हसू आलं.

दुकानामागच्या खोलीला रंग देऊन झालाय. तागे परत तिथेच ठेवते. आई इथेच राहील. मी आठवड्यातून दोन दिवस येईन, तुझ्याकडे झोपीन, भिंतीकडे तोंड न करता.

एक विचारलं मी बाईंना. ड्यूटी म्हणून नाही, पण भेटीच्या वेळेत बाकीच्या नातेवाइकांसारखी ती आलेली चालेल का? म्हणाल्या, त्याला कोण अडवणार. उद्या तुझी सुटी आहे. चार वाजता ये. निळं घालू नकोस, गणवेश नको, तुझं साधं नेस. आई तुला ओळखणार नाही, पण आपल्याला बघायला कोणीतरी आलंय, एवढं तिला कळेल. मी विचारणार आहे, आजी, सून येते का तुमची? मग ती सांगेल, ढुंकूनसुद्धा बघत नाही. तू समोर खुर्चीत बसून ऐक. तिसरा घास तू दे. त्या वेळी मी तिथे आहे, तुला एकटीला ऐकावं लागणार नाही.

पहिल्या पत्रात एक राहिला होता. जागा आहे अजून, म्हणून लिहिते. अनेक आशीर्वाद.

तुझी वन्सं